डॅनी, तुझ्या नातीला आलेलं बोलावणं

डॅनी,

तुझ्या अंगणात पन्नासेक माणसं बसली होती आणि आत दहा भरत नव्हती.

पुण्याच्या दफनभूमीत तुला ठेवून आम्ही इंदापूरला परतलो होतो. पुढं सात दिवस घरात संध्याकाळची प्रार्थना व्हायची, आणि त्यासाठी तेरा वर्षांवरचे दहा ज्यू पुरुष लागतात, हे तूच मला कधीतरी समजावलं होतंस. पुण्याहून सहा जण आले. तुझा मुलगा बेनी सातवा. बाहेर सतरंजीवर शेळगावपासून कऱ्हाटीपर्यंतचे शेतकरी टोप्या हातात घेऊन बसलेले. ज्यांची जनावरं तू चाळीस वर्षं तपासलीस ती सगळी माणसं.

शेळगावचे बबनतात्या माझ्याजवळ सरकले. "वकीलसाहेब, आडलंय कशाला?"

"तीन माणसं कमी पडतायत, तात्या."

"मंग हितं काय मेंढरं बसल्यात व्हय? आमच्यातलं तीन घाला की मोजायला."

"त्यांच्यातलेच लागतात."

तात्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "डॉक्टर आमच्या गोठ्यात येताना न्हाय इचारायचं, कुणाच्यातली हाय म्हैस."

तेवढ्यात ज्यू तरुणांना इस्रायलशी जोडणाऱ्या त्या संस्थेची गाडी आली. पांढरी, स्वच्छ, दारावर बोधचिन्ह. तिच्यातून त्यांचा कार्यकर्ता आरिएल उतरला, आणि त्याच्यामागं एकसारखे निळे टी-शर्ट घातलेली चार पोरं. दहा भरले, वर दोन उरले. बेनीनं कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हटली, आतून 'आमेन' आलं, आणि बाहेर काही न कळता पन्नास माणसांनी हात जोडले. माझ्या मनात या संस्थेबद्दल इतकी वर्षं जे साठलंय ते तुला ठाऊक आहे. त्या संध्याकाळी मला ते गिळावं लागलं. तुझ्या मरणात त्यांनी माझ्यावर उपकार केला, ही गोष्ट मी त्यांना माफ करणार नाही.

तुझ्याबद्दल लोकांना पहिल्यापासून काहीच नीट कळलेलं नव्हतं. शनिवारी दवाखाना बंद, म्हणून निम्म्या तालुक्याला तू मारुतीचा कडक भक्त वाटायचास. एकदा कऱ्हाटीच्या एका आबांनी तुला मंदिराच्या जीर्णोद्धार समितीवर घ्यायचं ठरवलं होतं. तू त्यांना सांगितलंस की आम्ही बेने इस्रायल, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू, आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. आबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे तुमचा देव शनिवारी झोपतो व्हय?" तू म्हणालास, "झोपत न्हाय. सुट्टीवर असतो." समितीचं सदस्यत्व तरीही तुला मिळालंच.

अडलेल्या गाईसाठी मात्र तू शनिवारीही जायचास. एकदा मीही तुझ्याबरोबर आलो होतो. खांद्यापर्यंत हात घालून तू वासरू फिरवत होतास आणि ओठातल्या ओठात हिब्रूत काहीतरी पुटपुटत होतास. मालकानं विचारलं, "मंतर कसला हाय?" तू म्हणालास, "माझ्या आज्जीचा." नंतर मोटारसायकलवर मी खोदून विचारलं, तेव्हा कबूल केलंस की तुला अर्थ सगळा येत नाही, चाल येते. मला वाटतं, धर्माबद्दल इतकं प्रामाणिक वाक्य मी कुणाही महाराजांच्या तोंडून ऐकलेलं नाही.

आणि मग आपल्याकडं पुढची पिढी आली. म्हणजे तुझी नात नाओमी तर आधीपासून होतीच, तुझ्या खांद्यावर बसून गावभर फिरायची. पण 'पुढची पिढी' म्हणून ती एक दिवस कुणाच्या तरी नजरेत भरली.

त्या पहिल्या पाहुण्याची आठवण तुला असेलच. संस्थेचा, थेट इस्रायलहून आलेला. भारतातल्या विखुरलेल्या कुटुंबांना भेटून त्यांच्या तरुण मुलांना 'जोडून घेणं' हे त्याचं काम. तो आला होता नाओमीसाठी. पण इंदापुरात बातमी पसरली ती अशी, की इस्रायलचा माणूस आलाय. आपल्या भागात इस्रायल म्हणजे ठिबक सिंचन, दुसरा अर्थ नाही. तासाभरात मांडव, ध्वनिक्षेपक, शाल, श्रीफळ आणि फेटा. फेटा त्याच्या डोक्यावर असा बसवला की त्याला उजवीकडचं दिसेना. तुलाही जबरदस्तीनं व्यासपीठावर घेतलं आणि निवेदकानं 'इस्रायलचे सुपुत्र' असं जाहीर केलं. तू कानात म्हणालास, "मी अलिबागच्या पुढं समुद्र ओलांडलेला नाही. तेही रेवसला लाँचनं."

पाहुण्यानं इंग्रजीत भाषण केलं. आरिएल संस्थेत तेव्हाच नवीन लागला होता. ठाण्याचा मुलगा, मराठी चांगलं, पण भाषांतर करताना आवाज एकदम सरकारी व्हायचा. पाहुणा म्हणाला, तरुणांनी आपली मुळं ओळखावीत, मुळांकडं परतावं. बबनतात्या हात वर करून उभे राहिले. "ते बराबर हाय. पर ठिबकच्या नळीत क्षार बसतोय, त्याला काय करायचं?" आरिएलनं ते भाषांतर केलं. पाहुणा गंभीरपणे म्हणाला, चिकाटी ठेवा. तात्यांनी खाली बसताना शेजाऱ्याला सांगितलं, "ह्याला कायबी येत न्हाय. पुढाऱ्यात जाईल."

त्या रात्रीच्या जेवणात तुमच्याकडं मलिदा होता. गूळ-खोबरं घातलेले पोहे, फळं, आणि एलियाहू हन्नवी या तुमच्या प्रेषिताचं नाव. आरिएलनं प्रेमानं खाल्लं, आणि प्रेमानंच सांगितलं, "डॉक्टरकाका, हे छान आहे, पण हे लोकल आहे. मूळ परंपरेत असं नाही. मुलांना आपण मूळ शिकवतो." तू त्याच्या ताटात आणखी पोहे वाढलेस. म्हणालास, "आमच्या पूर्वजांचं जहाज कोकणात नवगावला फुटलं असं सांगतात, तेव्हा पाठीशी एलियाहू उभा राहिला. तुमच्या संस्थेचं ऑफिस त्या दिवशी बंद असेल."

तो हसला. ही माणसं चिडत नाहीत, हेच मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त खटकतं.

मग सुरू झालं. पुण्यात शिबिर, लोणावळ्यात शिबिर, सणाला भेटवस्तूंचं खोकं, फोनवर दर शुक्रवारी संदेश. आणि शेवटी इस्रायलची दहा दिवसांची फुकट सहल. नाओमी परतली तेव्हा मी तिला एकेका दिवसाबद्दल विचारलं, वकिलाची खोड. सकाळी महायुद्धात मारल्या गेलेल्या ज्यूंचं संग्रहालय, दुपारी समुद्र, संध्याकाळी शेकोटी आणि गाणी. विसाव्या वर्षी असा दिवस मिळाला तर माणूस कुठल्याही देशाच्या प्रेमात पडेल. रडून झाल्यावर लगेच पोहायला नेणं, यात जो कोणी डोकं चालवतो त्याला मी मानतो. फक्त त्याच्या हाती माझी नात देणार नाही. नाओमीनं बसमधून एका डोंगरावरची पडकी घरं बघितली आणि विचारलं, इथं आधी कोण राहायचं? गाईड म्हणाली, छान प्रश्न आहे, संध्याकाळी बोलू. संध्याकाळी गाणी होती.

मी हे तुला सांगितलं तेव्हा तू नेहमीसारखा हसला नाहीस. तुझ्या काकांची गोष्ट काढलीस. ते पहिल्या लाटेत इस्रायलला गेलेले. घर विकून, भांडी वाटून, बोलावणं आलं म्हणून. तिथं मुलीच्या लग्नाच्या वेळी धर्मखात्यानं विचारलं, तुम्ही खरे ज्यू कशावरून? वंशावळ दाखवा. मग हिंदुस्थानातून गेलेली ही माणसं रस्त्यावर बसली, उपोषणं केली, तेव्हा कुठं ते निस्तरलं. काका म्हातारपणी एकदा इंदापूरला आले तेव्हा याच अंगणात खुर्ची टाकून म्हणाले होते, "पत्रिका पाठवून बोलावलं, आणि दारात उभं करून विचारलं, आपण कोण?"

मी म्हणालो, "मग तरी तू पोरीला त्यांच्या शिबिराला कसा पाठवतोस?"

आणि तिथून आपला तो वाद सुरू झाला, जो तू अर्ध्यात टाकून गेलास.

तू म्हणालास, "वकिला, तुझ्या समाजाच्या वधू-वर मेळाव्याचा अध्यक्ष कोण होता गेल्या वर्षी?"

"तो वेगळा विषय आहे."

"वेगळा कसा? तिथं पण पुढची पिढी पुढच्या रांगेत, इतिहासावर भाषण, मग जेवण. आमचे विमानानं नेतात, तुमचे लक्झरीनं. एवढाच फरक."

मी म्हणालो की आमच्या मेळाव्यातून कुणाला रणगाड्यावर चढवत नाहीत. तू म्हणालास, चढवत नाहीत, घोड्यावर चढवतात, त्यातनं पण सगळे परत येत नाहीत. मी चिडलो. मी चिडलो की तू चहा सांगायचास. बसस्टँडसमोरच्या त्या हॉटेलात, हायवेवरचे ट्रक बघत, आपण या एका विषयावर किती चहा प्यायलो असू. दूध-मटण एकत्र तुमच्यात चालत नाही, म्हणून तू दुधाच्या चहाबरोबर खिमा-पाव कधी घेतला नाहीस आणि मला घेऊ दिलास, नाक न मुरडता. माझ्या ओळखीत दुसऱ्याच्या ताटात न बघणारा धार्मिक माणूस तू एकटाच.

एकदा मात्र तू मला उघडं पाडलंस. मी जोरात होतो. सांगत होतो, की तुझ्याकडं हे लोक येतात ते तुझ्यासाठी नाही. तू त्यांना पार्श्वभूमी म्हणून लागतोस, पांढरी दाढी, मागं उसाचा फड, पुढं नात. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "आणि तुला?"

"मला काय?"

"तुलाही ती लागतेच की. तुझ्या भाषणांत. 'आमच्या इंदापुरात एक ज्यू कुटुंब आहे, कधी कुणी त्रास दिला नाही, हा आमचा देश.' टाळ्या तुला मिळतात. तिला मिळतं काय? दर ठिकाणी नाव सांगायचं, मग ख्रिश्चन का म्हणून विचारतात, मग नाही म्हणायचं, मग ज्यू म्हणजे काय ते सांगायचं, मग ठिबकबद्दल बोलायचं. ते तिला तिकडं ओढतात, तू इकडं. दोरीला कुणी विचारलंय?"

उत्तर शोधतो म्हणालो होतो. अजून शोधतोय.

मग ती सकाळ आली. तिकडं सणाच्या दिवशी गाझातून आलेल्या बंदूकधाऱ्यांनी इस्रायलच्या गावांत घुसून माणसं घराघरांत मारली, पळवून नेली. नाओमी सहलीत ज्या मुलीच्या खोलीत राहिली होती, तिचा भाऊ त्यात गेला. तू माझ्याकडं आलास आणि नुसता बसलास. मी रेडिओ बंद केला. त्यानंतर गाझातल्या पोरांचे फोटो यायला लागले, ढिगाऱ्याखालून काढलेले, धुळीनं पांढरे. तेव्हाही आलास आणि तसाच बसलास. संस्थेकडून मात्र नाओमीच्या फोनवर संदेश वाढले. पहिल्याच्या दुःखात ते तिच्याबरोबर होते, हे खरं. दुसऱ्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच: आता तुझी गरज आहे. वर्षभराचा कार्यक्रम. राहणं, खाणं, भाषा शिकणं, सेवाकार्य. पुढं राहायचं ठरवलंस तर सगळी मदत. पुढं काय काय करावं लागतं, लष्करासकट, ते बारीक अक्षरांत. बारीक अक्षरं मी पोटासाठी वाचत आलोय, म्हणून मी वाचली.

बारामतीच्या दवाखान्यात तू शेवटच्या आठवड्यात होतास, त्या दुपारी बेनी जेवायला खाली गेला होता. तू खिडकीकडं तोंड करून म्हणालास, "पोरगी मला विचारते, आजोबा मी जाऊ का."

"तू काय सांगितलंस?"

"तुझं तू ठरव म्हणालो."

"आणि मनात?"

तुला श्वास लागत होता. "मनात, तिनं जाऊ नये. तिथं माणसं मरतायत आणि मारतायत. त्यातलं कुठलंच तिच्या वाट्याला येऊ नये." मग माझा हात धरलास. इतक्या वर्षांत आपण एकमेकांचा हात कधी धरला नव्हता, गड्यांना ते जमत नाही. "पण तू हे तिला सांगायचं नाही. ती ठरवेपर्यंत नाही. नंतर सांगितलंस तर चालेल."

"का? तू सांगितलंस तर ती जाणार नाही."

"म्हणूनच."

मी हो म्हणालो. मरणाऱ्या माणसाला नाही म्हणायची आपल्यात पद्धत नाही, आणि तुला ते माहीत होतं.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी तुझी चित्रफीत आली. संस्थेनं प्रार्थनेच्या वेळी घेतलेली. उसाचा फड, तुझी मोटारसायकल, भिंतीवरचा तुझा फोटो, मागं वाजणारं व्हायोलिन. आणि वर ठळक अक्षरांत: बारामतीचा शेवटचा ज्यू.

ती सगळ्यांनी तुझ्या ओसरीवर बसूनच बघितली. पहिला आवाज बबनतात्यांचा. "बारामती? डॉक्टरांचा जलम इंदापुरात गेला. बारामती कशापायी घातली?"

कुणीतरी म्हणालं, नाव मोठं आहे म्हणून.

"आन् शेवटचा कसा? बेनीसाहेब हितं हाय. पोरगी हितं बसलीया."

सगळ्यांनी नाओमीकडं बघितलं. ती जमिनीवर बसली होती, तुमच्यात सुतकात बसतात तशी. चित्रफितीत तीही होती. एका कोपऱ्यात, पाण्याचा तांब्या घेऊन जाताना. ती उठली नाही. तिथूनच तिनं आरिएलला फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला.

"आरिएल, आजोबा शेवटचे, मग मी कोण?"

"अगं, ते फक्त शीर्षक आहे. त्यानं लोक बघतात."

"मी कोण, ते सांग."

"तू तर पुढची पिढी. तू तर येतेच आहेस ना आमच्याकडं."

"मी अजून इंदापुरात आहे."

"हो गं, पण..." मला त्याची थोडी कीव आली. वाईट मुलगा नाही तो. त्याच्याकडं नुसती यादी आहे, आणि यादीत तुम्ही एकतर संपलेले असता किंवा निघालेले. घरात बसलेल्यांसाठी रकाना नाही. तुझ्या नातीला जे बोलावतायत त्यांच्या हिशेबात ती आधीच गेलेली होती. ज्या गावातून तिला बोलावून नेतायत ती जागा त्यांनी रिकामी दाखवून टाकली होती, ती तिथं श्वास घेत असताना.

चित्रफितीचं शीर्षक संध्याकाळी बदललं. 'इंदापूरचे शेवटचे ज्यू डॉक्टर.' बेनी म्हणाला, जाऊ दे. तात्या म्हणाले, "गाव तरी बराबर केलं."

त्यानंतर महिनाभरानं नाओमी माझ्याकडं आली. दुपार होती, मी व्हरांड्यात होतो. आत आली, माठातलं पाणी स्वतः घेतलं आणि समोर बसली.

"वकीलकाका, एक खरं सांगा. आजोबांना काय वाटत होतं? मी जावं की नाही?"

डॅनी, एक वाक्य होतं माझ्याजवळ. ते बोललो असतो तर संस्थेची सगळी शिबिरं, गाणी, विमानं, व्हायोलिनं त्यापुढं पडली असती. तुझ्या तोंडचं, दवाखान्यातलं, शेवटचं. ते जिभेवर आलंही. आणि तेवढ्यात लक्षात आलं, की मेलेल्या माणसाला पुढं करून वीस-बावीस वर्षांच्या पोरीला आपल्याकडं ओढणं, हेच तर ते करतात. सकाळच्या संग्रहालयात तेच असतं. मी त्यांना इतकी वर्षं शिव्या देत आलो त्या याच्याचसाठी.

"तू त्यांना विचारलं नव्हतंस?"

"विचारलं होतं. तुझं तू ठरव म्हणाले."

"मग तेच."

"तुमचं काय मत?"

"माझं मत तालुक्याला माहीत आहे."

ती हसली. तुझ्यासारखी, एका बाजूनं. मग म्हणाली, "त्या फितीचा मला अजून राग आहे. ते चांगले आहेत म्हणून मी चाललेय असं नाही. मला एकदा अशा जागी राहून बघायचंय, जिथं नाव सांगितल्यावर पुढचं काही सांगावं लागत नाही. बस्स. आणि त्या पडक्या घरांत कोण राहायचं, तेही विचारणार आहे. संध्याकाळपर्यंत थांबणार नाही."

"आणि आवडलं तर?"

"तर आवडेल."

"आणि नाही आवडलं?"

"तर तुम्ही स्टँडवर घ्यायला या. फेटा आणू नका."

परवा बेनी तिला मुंबईला विमानात बसवून आला. तात्यांनी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा दिला होता, तो सामान तपासताना उघडून बघितला म्हणे. संस्थेनं तिचा विमानतळावरचा फोटो टाकलाय. खाली लिहिलंय, घरी परतताना. मी फोन उलटा करून ठेवला.

तर तिनं ठरवलं. तुझी अट संपली, म्हणून हे लिहितोय. ती मराठी वाचते, कधीतरी हेही वाचेल, आणि तिला कळेल की आजोबांना तिनं जायला नको होतं. त्यांनी तिला अडवलं नाही, हेही तिला त्याच ओळीत कळेल. या दोन्ही गोष्टी एकदम सांगायचं धाडस तिला बोलावणाऱ्यांपैकी कुणी केलं नाही. तू केलंस, आणि बोलायचं काम माझ्यावर टाकलंस.

तुझं ऐकलं म्हणून गप्प बसलो, आणि गप्प बसलो म्हणून तुझ्या मनासारखं झालं नाही. असा पक्षकार मला पुन्हा मिळू नये, डॅनी. पण मिळणार कुठून?